बगू की

कान्हे गावातल्या आमच्या कारखान्यात मी स्टोअरचा कारकून. तिथं झाडू मारायला आंदर मावळातून एक मावशी येते. तिला काहीही सांगा, "बगू की," म्हणते आणि करूनच दाखवते.

फोर्कलिफ्ट शिकवण्याची नोटीस लागली, तेव्हा नोटिशीपुढे बराच वेळ उभी राहून मावशीने मला विचारलं, "बायांनी नाव द्यायचं न्हाई, असं कुटं लिवलंय, भाऊ?"

तसं कुठंच लिहिलं नव्हतं. मी तिचं नाव लिहून घेतलं. महिनाभर ती कामानंतर थांबून शिकली. एसटी चुकली की चालत घरी गेली.

परीक्षेच्या दिवशी मात्र तिने सेफ्टी बूट खाली काढून ठेवले, गाडीच्या पाया पडली आणि अनवाणी वर चढली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिला तिथंच नापास केलं.

"खळ्यात कुनी पायतान घालून जातं व्हय, सायेब?" एवढंच ती बोलली. मला वाटलं, संपलं. पुढच्या परीक्षेला ती बूट घालून आली, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला नेला आणि पास झाली.

काल नव्या तुकडीची नोटीस मी ऑफिसबाहेर लावली. दुपारी पाहतो तर ती नोटीस झाडूच्या खोलीच्या दारावर लावलेली. खाली तीन बायकांची नावं होती आणि त्याखाली मावशीच्या हातची एक ओळ: बूट काढायचं न्हाई.