बैलाच्या डोळ्यांवरचा रुमाल

सारंगखेड्याहून नंदुरबारला येणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा तो ड्रायव्हर समोर बैलगाडी दिसली की इंजिनच बंद करी. खाली उतरून डोक्याचा मळका रुमाल मोटारीकडच्या बैलाच्या डोळ्यांवर धरी, गाडी चुचकारत पुढे काढून देई आणि मग इंजिन पुन्हा सुरू करायला हँडल मारमारून घामाघूम होई. कपाशीच्या हंगामात तर गाड्यांची रांगच लागे. मीही त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत.

एकदा पुढच्या सीटवरच्या वकीलसाहेबांचा धीर सुटला. ड्रायव्हर खाली उतरताच त्यांनी भोंगा दाबला. बैल उधळले आणि गाडी थेट शेतात घुसली. गाडीतली बाई तान्ह्या लेकराला कवटाळून ओरडायला लागली. ड्रायव्हर कासऱ्याला लोंबकळत फरफटत गेला, पण बैल थांबवूनच परतला.

"कोर्टाची वेळ चुकतेय हो," वकीलसाहेब पुटपुटले.

"साहेब, मन्ही मोटारले बिरेक शे," गुडघ्यावरची माती झटकत तो म्हणाला. "बिचकेल बैलले काय शे?"

पुढची बैलगाडी दिसली तेव्हा त्याच्या आधी वकीलसाहेब उतरले. त्या दिवशी कोर्टात त्यांच्या काळ्या कोटाला बैलाची लाळ लागलेली होती.