सुनंदाची चिठ्ठी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगतेय — पण कुठून सुरू करू?

दोन हजार सालानंतर शिरूरमध्ये कोरड्या त्वचेवरच्या कॅप्सूल घरोघरी विकायचं एक खूळ आलं. मी त्यात शिरले. दहावी नापास बाई मी — मीटिंगमध्ये माइकवर बोलायला लागले. बाया टाळ्या वाजवायच्या. मला त्याची चटक लागली.

माझेही हात भेगाळलेले होते. कॅप्सूलनं काडीचा फरक पडला नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं, त्यानं हात मऊ झाले. मलमाची ट्यूब मी साड्यांच्या घडीत लपवली. आणि हात? ते सगळ्यांना दाखवत फिरले.

माझी धाकटी जाऊ सुनंदा पाबळला राहायची. तिच्या हातांवरची, नडग्यांवरची कातडी खवल्यांसारखी सुटायची, केस मूठमूठ गळायचे, ऐन वैशाखात तिला थंडी वाजायची. माझे हात बघून तिनं कॅप्सूल सुरू केल्या. वर्ष गेलं. कातडी तशीच.

एक दिवस ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली.

"आक्का, रक्त तपासून घ्या म्हणत्यात. हितं शिरूरातच हुतंय. जाऊ का?"

पुढच्याच मीटिंगमध्ये मी तिला उभी करणार होते — माझ्या कॅप्सूलवर विश्वास ठेवणारी घरचीच बाई म्हणून. ती डॉक्टरकडं गेली असती तर माझं काय राहिलं असतं?

"कशाला सुया टोचून घेतीस? आतनं गुण यायला येळ लागतो. दम धर."

तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली. ती गेल्यावर मी ती फाडली.

पुढं तिला दिवस गेले — लग्नानंतर सात वर्षांनी. सहाव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा थायरॉईडचा आजार निघाला. "आधी कळलं असतं तर कदाचित..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कदाचित! या शब्दाच्या आड मी लपू पाहिलं. किती दिवस लपणार?

सुनंदाला रोजची गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी ती घरी आली, माझ्यापुढं हात धरले. मऊ झाले होते.

"आक्का, तुमच्या कॅप्सूलचा गुण आत्ता आला बघा."

मी तिचे हात हातात घेतले आणि म्हटलं — "व्हय. उशिरा येतो."

तिला पुन्हा मूल झालं नाही.