परक्या हाताचा जोड

गोदीत त्याला सगळे शिंपी म्हणायचे, कारण जाड पोलादी पत्रे तो शिवण घातल्यासारखे जोडायचा. माणूस सरळ, पण जिभेला हाड नाही. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या गोदीचा विषय निघाला की त्याचा पारा चढायचा. जहाजबांधणीची एकेक ऑर्डर त्या गोदीने कमी पैशांत, कमी वेळात पळवली होती आणि इथे नुसती डागडुजी उरली होती. एवढं स्वस्त देतात म्हणजे कामात पाणी घालतातच, असं तो रोज जेवणाच्या सुट्टीत ऐकवायचा आणि बाकीचे माना डोलवायचे. त्या गोदीचं जहाज आतून पाहिलं मात्र एकानेही नव्हतं.

नेमकं तिथेच त्याच्या लेकीला काम मिळालं. वेल्डिंग ती बापाच्याच हाताखाली शिकली होती. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं तो भिंतीकडे बघून म्हणाला. त्यावर, वासा समोरच बसलाय, त्याच्याशीच बोला की, असं बायकोने सुनावलं. लेक एवढंच म्हणाली की बाबांनी हो म्हटल्याशिवाय ती जाणार नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तो ताट अर्धवट ठेवून उठला. तिकडे उत्तर त्याच आठवड्यात कळवायचं होतं.

आणि खडकावर घासलेलं एक जहाज दुरुस्तीला आलं. बांधलेलं त्याच गोदीत. शिंप्याला आनंद लपवता येईना. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

जहाजाच्या तळाशी दोन पत्र्यांच्या मध्ये बुटक्या टाक्या असतात. तिथल्या कोपऱ्यात सरपटत जावं लागतं, तपासायला सहसा कोणी फिरकत नाही. वेल्डरची नियत तिथे कळते, हे तो लेकीला पहिल्या दिवसापासून सांगत आला होता. चल, दाखवतोच तुला, म्हणत तो तिला घेऊन आत शिरला.

सगळ्यात अडचणीचा कोपरा त्याने मुद्दाम निवडला. बॅटरी धरली, बाहीने चिखल पुसला, जोडावरून अंगठा फिरवला. मग तोच अंगठा पुन्हा उलट फिरवला. कुठे खाच नाही, फुगवटा नाही, घाई नाही. कुणीतरी कुशीवर पडून, एक हात अंगाखाली दाबून हे केलं होतं. तो कसा पडला असेल, मान किती दुखली असेल, हे शिंप्याला सांगावं लागत नव्हतं. इतकी वर्षं आपण याच माणसाला शिव्या घातल्या, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीने नजर जोडावरच ठेवली, हे तिचे उपकारच.

फाटलेला भाग कापून नवा पत्रा बसवला. त्या जोडाला लागूनचा जोड शिंप्याने स्वतःकडे घेतला. काम झाल्यावर वरची काळी खपली ठोकून काढली आणि लेकीला आत बोलावलं.

"तिकडचा आणि हा. खरं सांग."

तिने वेळ घेतला. "शेवटाला उंच झालाय, बाबा."

शिंप्याला असं तोंडावर सांगायची गोदीत कोणाची छाती झाली नव्हती. आता भडका उडणार म्हणून ती मागे सरकली. तो वाकून बघत राहिला. जोड उंच झालाच होता.

"ग्राइंडर दे," तो म्हणाला.

आपलाच जोड त्याने आपल्या हाताने घासून काढला. ठिणग्या शांत झाल्यावर त्याने वेल्डिंगचा होल्डर तिच्या हातात दिला आणि बॅटरी धरून शेजारी आडवा झाला. तिचा जोड शेवटपर्यंत सपाट गेला. त्याचं मन भरून आलं.

"आज त्यांना कळवून टाक. येते म्हणावं."

"आणि तुम्ही?"

"शिव्या घालून का कामं परत येतात? अशा कोपऱ्यात ते कोपर कुठे टेकवतात, ते नीट बघून ये," तो म्हणाला. "मला शिकायचंय."