भाऊजींना पाठवलेली सहा पुस्तके

गुरुवारी सकाळी देवरीहून भाऊजींचा फोन आला. ताई गेली, असे ते म्हणाले. मी फुलचूरच्या नाक्यावर बस धरली. ताईच्या उशीजवळ पुस्तक होते. खूण एकशे बेचाळिसाव्या पानावर होती.

ते पुस्तक मीच पाठवले होते. आम्हा दोघी बहिणींना खुनाच्या कादंबऱ्यांचे वेड, आणि त्या वाचायची आमची एक रीत होती. पुस्तक निवडायचे काम माझे. गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत बोलावतो त्या पानावर मी थांबायची, पुढच्या पानांना रबर लावायची आणि पुस्तक देवरीच्या बसच्या कंडक्टरजवळ द्यायची. ताई रबरापर्यंत वाचायची. मग फोनवर दोघी आपापला खुनी सांगायचो, आणि ती रबर काढून शेवट मोठ्याने वाचायची. इतक्या वर्षांत एकही शेवट मी स्वतः वाचला नाही, तिच्याकडून ऐकला.

पैशासाठी केलेले खून तिला आवडत नसत. "त्यात काय डोकं लागते? राग पाहिजे. वीस वर्षं जपलेला," ती म्हणायची. मी तसेच शोधून देत असे.

भाऊजींचे धानाचे दुकान स्टँडसमोरच आहे. पुस्तक कंडक्टरकडून तेच घ्यायचे. शेवटचे आठ महिने ताई अंथरुणावर होती. हातात पुस्तक फार वेळ धरवत नसे, दिवसाला पाच-सात पाने व्हायची. त्या मंगळवारी तिचा फोन आला.

"यांनी रबर काढलं. सांगून टाकलं."

मागून भाऊजी ओरडले, "मुनीम होय, मुनीम! कायले येवढी पानं पलटवून राहिली? मी दोन मिनिटांत पाहून घेतलो. साळीबाई, तुमच्या बहिणीची मेहनत वाचवलो मी!"

ते हसत होते. ताई म्हणाली, "राहू दे. आता नाही वाचत." दोन दिवसांनी ती गेली.

गंमत केली, असे कोणीही म्हणेल. मेहुणीशी आणि बायकोशी एवढी थट्टा चालते. मी ते मान्य करत नाही. आजाराचा शेवट घरात सगळ्यांना ठाऊक होता, तिलाही. ठाऊक नसलेली एकच गोष्ट तिच्या उशाशी होती. ती त्यांनी काढून घेतली.

तेरवीला मी पानांवर भात वाढला, पाहुण्यांना बसपर्यंत सोडले. चार महिन्यांनी भाऊजींचा फोन आला.

"घरात मन नाही लागून राहिलं, साळीबाई. तुमच्या ताईवाणी एखादं खुनाचं पुस्तक धाडा ना. चांगलं पाहून धाडा."

मी चांगलेच पाहिले. वाईट पुस्तक त्यांनी तिसऱ्या पानावर टाकून दिले असते. ज्यात प्रत्येकावर संशय येतो, जे हातातून सुटत नाही, असे शोधायला मला दोन रविवार लागले. ताईसाठीही मी एवढे हिंडले नव्हते. मग गुप्तहेर सगळ्यांना बोलावतो तिथून पुढची पाने मी ब्लेडने शिवणीलगत कापली आणि पुस्तक बसमध्ये दिले.

आठ दिवसांनी फोन. "काऊन वो, याले तर शेवटच नाही!"

"जुनं पुस्तक आहे, भाऊजी. पानं गळली असतील."

"मंग खुनी कोण?"

"मी वाचलं नाही."

हे खोटे नव्हते. कापलेली पाने मी पाकिटात घालून पाकीट चिकटवले होते.

"दुसरं पाठवते," मी म्हटले.

आधी शेवट पाहायचा, ही त्यांची सवय. शेवटच नसल्यावर त्यांना पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागली. दुसरे पुस्तक गेले, तिसरे गेले. माझा हात बसला होता, कापलेले कळतही नसे. पण त्यांना कळले असावे.

"तुम्ही मले सतावून राहिल्या," तिसऱ्या वेळी ते म्हणाले.

"साळी आहे मी. एवढी गंमत चालते."

ते हळूच म्हणाले, "चौथं धाडा."

सहावे पुस्तक मात्र बसने परत आले. आत दुकानाच्या पावतीच्या मागे लिहिलेली चिठ्ठी होती. खून धाकट्या सुनेने केला. विहिरीचा दोर कोरडा होता, मग ती सकाळी पाणी भरायला गेलीच नव्हती. पान अठ्ठावीस आणि पान एकशे तीन पाहा. खाली एक ओळ: 'बरोबर आहे का, एवढंच सांगा.'

माझा संशय डॉक्टरवर होता. मी पाकीट फोडले आणि बारा पाने वाचून काढली. मनातल्या मनात, भराभर. धाकटी सूनच होती. दोरही कोरडाच होता. ज्या माणसाला एक पुस्तक सरळ वाचता येत नव्हते, त्याने ते ओळखले होते आणि मला ओळखता आले नव्हते. ही गोष्ट ताईला सांगण्याजोगी होती.

मी फोन लावला.

"वाचल्या का? बरोबर?" त्यांनी विचारले. आवाजात धाप होती.

"चूक."

"असं कसं? दोर कोरडा होता ना वो!"

"तरी चूक."

"मंग कोण होय?"

मी पाने पुन्हा पाकिटात घातली.

"तुमची ताई असती तर सांगितली असती," ते म्हणाले.

"ती असती तर पुस्तकाला शेवट असता, भाऊजी."

पलीकडे दुकानातला तराजू खाली ठेवल्याचा आवाज आला. "धाडून द्या परत," ते म्हणाले. "काहीतरी सुटलं असेल माझं. पुन्हा वाचतो."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बसमध्ये दिले.

सध्या ते तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचत आहेत. खरे काय ते मी त्यांना सांगितलेले नाही, सांगणारही नाही. सहा पाकिटे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. त्यांतली पाच अजून बंद आहेत.