बोळासकट पाचशे सहा चौरस फूट

६ जून १९९३, रविवार. मिरजेचं एसटी स्टँड, संध्याकाळचे पाच. हजर माणसं: आई, थोरली बहीण, बायको सुनंदा, आठ वर्षांची चित्रा आणि मी, शिवाय माझ्याच कंपनीतला दत्ता, त्याची बायको मंदा आणि त्यांचे दोन मुलगे. माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात चोवीस हजार रुपये. बारा माझे, बारा दत्ताचे. बंगलोरच्या घराचा दोघांचा दहा-दहा महिन्यांचा ॲडव्हान्स. दत्तानं स्वतःचे पैसे माझ्याकडेच दिले होते. म्हणाला, "तुझ्याकडं असले की मला गाडीत झोप लागेल." आणि त्याला लागलीही. मी हुबळीपर्यंत खिसा चाचपत बसलो.

आमच्या कंपनीनं मोजमापाच्या उपकरणांचा विभाग बंगलोरला हलवला. मिरजेतून दोघांनीच होकार दिला, मी आणि दत्ता. मी तपासणी खात्यात, तो जोडणीत. आई म्हणाली, "घर लागू दे. मग बघते मी." ती बहिणीकडे राहिली.

तुम्ही मिरजेत राहिलेली मंडळी मला विचारता की तिकडे कसं काय जमलं, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले ते काही विचारत नाहीत, कारण त्यांचं त्यांना माहीत असतं. दोघांसाठीही लिहितो. जमलं, पण मधली दोनेक वर्षं मी एका न्हाणीवर जळत काढली.

घर मल्लेश्वरममध्ये. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले, त्यामुळे त्यांचं मराठी आपल्याला कळतं पण मध्येमध्ये कन्नड येतं. मे महिन्यात आम्ही दोघं घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी समजावलं, "आमच्या अज्जांचं घर हे. भाऊ-भाऊ वेगळे झाले, मध्ये भिंत घातली. बच्चलमने, म्हणजे न्हाणी, त्या बाजूला गेली. स्वैपाकघर ह्या बाजूला आलं. मग इकडे नवीन न्हाणी केली, तिकडे नवीन स्वैपाकघर. स्वल्प ॲडजस्ट करायचं."

भाडं दोन्ही बाजूंना सारखं, बाराशे. दत्ता म्हणाला, "तू बघून घे, मला कुठलंही चालतंय," आणि अण्णांच्या ओट्यावर कॉफी पीत बसला. मी टेप काढली. उजवी बाजू पाचशे सहा चौरस फूट भरली, डावी चारशे अठरा. अठ्ठ्याऐंशीचा फरक. मी उजवी घेतली. दत्ताला आकडे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं, तुझी आई येणार आहे."

ते ऐकून मला थोडी लाज वाटली होती, हेही नोंदवून ठेवतो.

राहायला आल्यावर कळलं ते असं. उजव्या बाजूला एक बोळ होता, एकतीस फूट लांब, पावणेतीन फूट रुंद. म्हणजे सव्वापंच्याऐंशी चौरस फूट. अठ्ठ्याऐंशीतून ते गेले, उरले पावणेतीन. बोळाच्या टोकाला तीन पायऱ्या उतरून संडास. आणि न्हाणी संडासाच्या पलीकडे. पलीकडे म्हणजे संडासातूनच. संडासाला समोरासमोर दोन दारं, दुसऱ्या दारातून न्हाणी. गटाराची लाइन तिथंच होती म्हणून अण्णांच्या चुलत्यांनी तसं बांधलं. मे महिन्यात ते दुसरं दार बंद होतं, पलीकडे जुन्या भाडेकरूचं सामान होतं. अण्णा म्हणाले, "पाच बाय चार आहे," मी लिहून घेतलं. तिथं जायचं कसं, हे विचारलं नाही. वीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूस.

एक जण अंघोळीला आणि दुसरा संडासात गेला की पहिला आत अडकायचा. चित्रा शाळेच्या वेळेला आतून ओरडायची, "बाबा, झालं का?" मी म्हणायचो, "तुझं झालं का?" तिघांनाही सवयच लागली. कुणी आत गेलं की बाकीचे दोन मिनिटांनी दार वाजवणार, "झालं का?"

आणि भिंतीच्या पलीकडे दत्ताची न्हाणी. नऊ बाय आठ. चुलीत बसवलेला तांब्याचा हंडा, एका वेळी सात-आठ बादल्या पाणी तापेल एवढा. घासून गुळगुळीत झालेला दगड, मोठी खिडकी, बाहेर सीताफळाचं झाड. स्वैपाकघर त्याचं अंधारं होतं, खिडकी उघडायची ती बैठकीच्या खोलीत, पण मंदा म्हणायची, "बरंय की, फोडणी देता देता टीव्ही दिसतो." त्या माणसांना काहीही दिलं तरी त्यांना ते बरंच वाटायचं. रविवारी दत्ता तासभर न्हायचा आणि गायचा. नऊ इंची भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं.

जानेवारीत आई आली. सामान ठेवलं, बोळातून गेली, पायऱ्या उतरली, आणि परत आली. "अरे, अंघोळ करून मी संडासातून बाहेर यायचं? आणि तशीच देवापुढं बसायचं?"

सुनंदा म्हणाली, "आजच्या दिवस मंदाकडं न्हाता का?" तो एक दिवस दीड वर्ष चालला.

रोज सकाळी सातला आई धुवट साडी घेऊन शेजारी जायची. आधी वीस मिनिटांत परतायची. मग चाळीस. मग चहा तिकडंच. मे महिन्यात मी पाहिलं, ओल्या केसांनी मंदाच्या दारात बसून ती कोथिंबीर निवडत होती आणि दोघी हसत होत्या. माझ्या घरी आई कधी अशी हसली ते मला आठवेना. मंदा तिला मावशी म्हणायची. नंतर नंतर तीही 'आई'च म्हणायला लागली.

एकदा मी बोललोच. "त्यांच्याकडं रविवारी अंडी उकडतात. ते तुला चालतं?"

आई म्हणाली, "अंडी त्यांच्या पातेल्यात असतात रे. माझ्या अंगावर कुठं पडतात?"

मग मी ठरवलं. माझ्या आईला माझ्या घरात न्हाणी मिळाली पाहिजे. मधल्या खोलीतून सहा फूट बाय साडेचार फूट जागा काढली. तीन कागदांवर नकाशा काढला. फरशीला फुटामागे पाव इंच उतार, दार देवघराच्या दिशेनं, धरायला भिंतीत लोखंडी दांडी, गिझर. अण्णा नकाशा बघून म्हणाले, "एवढं तर आमच्या अज्जांनी घर बांधताना नाही केलं. सरी, ठीक आहे, तुमचा पैसा, तुमचा हट्ट." मुनियप्पा गवंड्यानं पंधरा दिवसांत काम केलं. मी पातळीच्या नळीनं तीनदा तपासलं. पाण्याचा थेंब साचत नव्हता.

दत्ता बघायला आला. "वा! हॉटेलात शोभेल," म्हणाला. मनापासून म्हणाला, हाच तर त्याचा त्रास.

आठ दिवस आई त्या न्हाणीत न्हाली. नवव्या दिवशी मी दाढी करत होतो, तर ती साडी खांद्यावर टाकून चपला घालत होती.

"आई, काय कमी आहे इथं? उतार चुकलाय? पाणी गरम येत नाही?"

"काही कमी नाही. छान केलीस."

"मग?"

ती उंबऱ्यात थांबली. "आत गेले की मी एकटी असते. मंदा दाराबाहेर बसून बोलते माझ्याशी. कोण आलं, काय झालं, पोरांनी काय दिवे लावले. तुम्ही तिघं दार वाजवता आणि विचारता, झालं का?" मग चप्पल नीट करत म्हणाली, "हे बघ, मला भाषा येत नाही इथली. देवळात बसले तर कुणाशी बोलू? तुम्ही दोघं नोकरीला, पोर शाळेला. मंदा नसती तर मी गेल्या दिवाळीलाच मिरजेला गेले असते. तुला तिकडं जाणं खुपत असेल तर तसं सांग. दसऱ्यानंतर जाते."

अर्धी दाढी तशीच राहिली. मी दीड वर्ष समजत होतो की आई न्हाणीसाठी जाते.

सांगायचं होतं एवढंच की जाऊ नकोस, राहा. ते मला आईला सांगता आलं नाही. मी दत्ताकडे गेलो. जाताना बाहेरून, रस्त्यावरून वळसा घालून जावं लागायचं. आई गुडघे धरून रोज तेच करत होती आणि ते अंतर मात्र मी कधी मोजलं नव्हतं. दत्ताला म्हटलं, "तुझ्या स्वैपाकघराच्या आणि आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीत दार काढू या का? आईला बरं पडेल."

दत्ता हसायला लागला. "एवढंच ना? अरे, मी कधीचं म्हणणार होतो. पण तू सारखा टेप घेऊन फिरायचास, म्हटलं ह्याच्या डोक्यात काय चाललंय कुणास ठाऊक." आतून मंदा ओरडली, "भावजी, माझ्या ओट्याकडनं काढा, म्हणजे आईंना भाजी निवडायला तिथंच बसता येईल."

अण्णांनी मान हलवली. "अज्जांच्या घरात भिंत नव्हतीच. काढा."

आता १९९८ चालू आहे. आई इथेच आहे. माझी नवी न्हाणी सुनंदा आणि चित्रा वापरतात आणि खूश आहेत. आई दारातून पलीकडे जाते, हंड्याच्या पाण्यानं न्हाते, दहा वाजता परत येते. तुमच्यापैकी कुणी पत्रात विचारतं, घरी परत कधी? मिरजेचं घर आम्ही भाड्यानं दिलं. घर म्हणजे आता मला आईचा आवाज ऐकू येईल एवढी जागा. तो आवाज येतो दत्ताच्या बाजूनं, आणि आईची साडी दत्ताच्या दोरीवर वाळते. मला ते अजून खुपतं. कमी झालं म्हणालो तर खोटं होईल.

दार सहा फूट बाय अडीच फूट. फोडकाम, चौकट, गिलावा आणि डेब्रिस उचलणं धरून सहाशे चाळीस रुपये, मुनियप्पाला, रोख. दत्ता तीनशे वीस घेऊन आला होता. मी घेतले नाहीत.