कच्च्या स्लॅबखाली

म्युनिसिपालिटी इमारत स्वतः बांधत नाही. ती कंत्राट देते आणि कंत्राटदारावर नजर ठेवायला आपला एक माणूस साइटवर बसवते. सिमेंट किती पडले, सळ्या नकाशाप्रमाणे बांधल्या का, काम वेळेत होते का, हे त्याने पाहायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत परळच्या एका प्रसूतिगृहाच्या कामावर तो माणूस मी होतो.

पहिला स्लॅब नुकताच ओतला होता. कच्चा स्लॅब स्वतःचे वजन पेलत नाही. खाली दर चार फुटांवर लाकडी टेकू लागतात. त्या दिवशी हरताळ. गवंडी, बिगारी कोणी नाही. स्लॅबवर पाणी मारायला मी एकटाच गेलो होतो.

दुपारी रस्त्यावर अश्रुधूर सुटला. मोर्च्यातल्या बायका कडेवरच्या पोरांसकट आमच्या स्लॅबखाली शिरल्या. तेवढ्यात बाहेरच्या कडेला ठोकाठोक ऐकू आली. चाळीतले काही तरुण टेकू काढून रस्त्यात आडवे टाकत होते, पोलिसांच्या गाड्या अडवायला.

"अरे, ते काढू नका!"

"साहेब, इथं मुंबई चाललीय हातची, तुम्हाला वाशांची पडलीय?"

"सोड रे, सरकारचा माणूस तो," दुसरा म्हणाला आणि पुढच्या टेकूची पाचर उडवली.

पाच इंच जाडी, चौरस फुटाला साठ पौंड. दहा फूट लांबरुंद तुकडा सुटला तर सहा हजार. एरवी हा हिशेब मी कंत्राटदाराला दटावायला करायचो. आता तो बायकांच्या डोक्यांवर दिसत होता. त्यांना बाहेर काढावे तर बाहेर लाठ्या. मोठ्याने सांगावे तर चेंगराचेंगरी. 

जवळच्या एका वयस्क बाईला मी हळूच सगळे सांगितले. तिने एकदा वर पाहिले, मग पदर खोचून कडेला गेली.

"मेल्या, आवशीच्या डोक्यार पाडतंस? हाड तो वासो हय!"

पाचर उडवणारा वासा परत आणायला धावला. तिचाच मुलगा होता.

टेकू परत आले. दोघे तरुण धरत होते, मी पाचर मारत होतो. एक घाव पाचरीवर, एक माझ्या अंगठ्यावर. स्लॅबच्या कडेला केसाएवढ्या तड्याची रेघ उमटली होती. ती आधीची की आताची, मला आठवेना.

रस्ता शांत झाल्यावर बायका निघाल्या. ती बाई थांबली. "पडूचो नाय मा रे?"

"नाही," मी म्हणालो. त्या 'नाही'मागे माझ्याकडे कसलाही हिशेब नव्हता.

सगळ्या गेल्या तरी मी त्या रेघेखालून हललो नाही. पाठ फिरवली की मागे आवाज होईल, असे वाटत होते.