चुन्यातला हात

गवंडीकाकांची पुतणी पर्यटकांना जुनं शहर फिरवून दाखवायची. वेशीच्या कमानीपाशी आली की तिची पावलं थांबत. तिथल्या गिलाव्यात एक लहानसा हात उमटला होता, करंगळीचं पेर नसलेला. राणीचा हात, पेर लढाईत गेलं, असं ती सांगे. लोक हळहळत.

सावलीत बसलेले काका गालातल्या गालात हसत. ते पेर चुना मळायच्या घाण्याच्या दगडी चाकाखाली गेलं होतं, आणि हात त्यांच्या दिवंगत बायकोचा होता. चाळीस वर्षांपूर्वी कमानीच्या डागडुजीचं काम चाललं असताना तो कोपरा तिने एकटीने लिंपला. काकांना तिकडे फिरकूही दिलं नाही. तेवढी जागा माझी, म्हणाली, आणि दिवसभर स्वतःशीच हसत राहिली. कशाला हसते, ते मात्र सांगितलं नाही.

एके सकाळी जतन खात्याच्या बाई आल्या. शंभर वर्षांच्या आतला गिलावा काढायचा होता. कुठला किती जुना, हे काकांइतकं कोणाला ठाऊक?

पुतणीने काकांना बाजूला घेतलं. "काका, जुना आहे एवढंच म्हणा. काकू भिंतीवर राहील."

काकांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं. आयुष्यात बाकी काही असो, भिंतीबद्दल ते कधी खोटं बोलले नव्हते.

"चाळीस वर्षांचा आहे," ते बाईंना म्हणाले. "माझ्या बायकोचा. काढायचाच तर मी काढतो. तिला परक्याची छिन्नी नको."

ते हलक्या हाताने ठोकू लागले. पांढरी धूळ उन्हात तरंगत राहिली. जणू शेजारी बसून ती चुना चाळत होती, बांगड्या मागे सारून. एकेक बोट सुटत गेलं. शेवटचा पापुद्रा निघाला आणि काकांची छिन्नी हवेतच थांबली.

खाली दुसरा हात होता. तसाच लहान, पण पाची बोटं धड, आणि गिलावा काळाने पिवळा पडलेला.

बाईंनी तो निरखून पाहिला. "हा फार जुना आहे. हा राहील."

"तिने पाहिला होता हा," काका पुटपुटले. "त्यावरच आपला ठेवला. म्हणून हसत होती, लबाड."

पुतणीने डोळे पुसले. आता लोकांना काय सांगू, तिने विचारलं.

"चुना मळणारीचा हात आहे, असं सांग," काका म्हणाले, आणि गिलाव्यातला तिच्या अर्ध्या करंगळीचा तुकडा त्यांनी खिशात ठेवला.